निघू काय?

बहरीनमध्ये जून लागला की घरातला गीझर बंद करतात. नवख्या माणसाला हे काही केल्या पटत नाही. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर अशा तापतात की गार पाण्याच्या नळाखाली हात धरला तर चटका बसतो. म्हणून मग गीझर बंद करायचा, त्याच्या पोटातलं पाणी एसीच्या गारव्यात निवू द्यायचं आणि गरम पाण्याचा नळ सोडून गार पाण्याने अंघोळ करायची. उलटं जग आहे सगळं.

यंदा ते बटण बंद करताना माझा हात तिथेच थांबला. गारच्या नळाचं ते कढत पाणी मनापासून आवडणारं एकच माणूस आमच्या सनाबिसच्या फ्लॅटमध्ये राहून गेलं, ते म्हणजे माझ्या सासूबाई. "घरातच उन्हाळं आणून ठेवलंस गो," असं म्हणत त्या बादलीवर बादली ओतायच्या. त्यातल्या 'उन्हाळं' या शब्दाचा अर्थ तोवर मला कळला होता. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा कळला नव्हता, आणि त्यातूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

सासरे गेले तेव्हा नवरा गावी गेला आणि दिवसकार्य आटोपल्यावर आईला बरोबर घेऊनच परतला. गाव राजापूरच्या बाजूचं. घरात दुसरं कोणी नाही, शेजार आहे तोही हाकेपलीकडचा. त्यांना एकटं कसं ठेवायचं? त्यांनी फारसा विरोध केला नाही. सर्दी भरल्यासारखा आवाज झाला होता त्यांचा तेव्हा, बोलायच्याच कमी. एक पिशवी कपड्यांची आणि एक कोकमांची, एवढं घेऊन त्या आमच्या पाचव्या मजल्यावर राहायला आल्या.

मी पुण्याची. सीफमधल्या एका ऑफिसात हिशेब सांभाळते, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून घरी येते तेव्हा माझ्याशी कोणी बोलूच नये अशीच माझी अवस्था असते. सासू येणार म्हटल्यावर मैत्रिणींनी मला फोनवर सहानुभूती दाखवली होती. झालं भलतंच. आमची लेक, तेव्हा चौथीत, शाळेतून आली की बंद दाराशी किल्ली शोधत उभी राहायची, ती आता बेल वाजवायला लागली. मी आले की घरात फोडणीचा वास. कोणीतरी विचारायचं, "दमलीस काय?" परदेशातल्या इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. मी सरळच सांगते, त्या बाईंना परत जाऊ द्यायचं नाही हे मी पहिल्या महिन्यातच मनाशी ठरवून टाकलं.

त्यांची फक्त एकच गोष्ट मला खटकायची. सकाळी अंघोळ झाली की त्या बाथरूममधून मोठ्याने विचारायच्या, "ओऽ, निघू काय?"

आता अंघोळ झालीय, तर निघायचं की बाहेर! विचारायचं काय त्यात? पण कोणी उत्तर देईपर्यंत त्या दार उघडायच्या नाहीत. आणि ती वेळ कोणती, तर माझी डबे भरायची, लेकीची वेणी घालायची. नवरा साइटवर इंजिनियर, तो पहाटे अंधारातच गेलेला असतो. मग मीच ओरडायची, "अहो आई, निघा की!" की लगेच कडी वाजायची. काही दिवसांनी लेकीने हे काम स्वतःकडे घेतलं. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. शाळेतल्या टीचरच्या थाटात ती म्हणायची, "येस आज्जी, यू मे गो!" आणि आज्जी बाहेर. दोघींचं छान जमलं होतं. म्हातारपणी माणसाला एखादी खोड लागते, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

फेब्रुवारीत त्यांच्या व्हिजिट व्हिसाचा प्रश्न आला. आम्ही म्हटलं, मुदत वाढवू, आणि मग कायमचा फॅमिली व्हिसाच करून टाकू. रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी मी विषय काढला. "आई, आता इथेच राहा. गावचं घर बंद करून किल्ली कोणाकडे तरी देऊ."

त्या कपात बघत बसल्या. म्हणाल्या, "घर बंद नाय ठेवू गो. वाळवी लागते."

"मग काय, तिथे एकट्या राहणार?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "एकदा मला उन्हाळ्याला न्या. मग बघू."

झालं! मला केवढा आनंद. उन्हाळ्यात एकदा गावी चक्कर, घराची झाडलोट, आणि मग कायमच्या इथे. मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून मे महिन्याची तिकिटं बघायला लागले. घरी येऊन म्हटलं, "आई, मेमध्ये जाऊ या ना?"

"मेमध्ये?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वेडी आहे. "मेमध्ये कोण जातं मेलं तिथं? भाजून निघशील. थंडीत जायचं."

"थंडीत? पण तुम्हीच म्हणालात ना उन्हाळ्यात न्या म्हणून!"

"उन्हाळ्यात नाय गो, उन्हाळ्याला!"

"अहो तेच की!"

"तेच कसं?"

आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकमेकींवर आवाज चढवून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतो. लेक दारात उभी राहून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "बट आज्जी," ती म्हणाली, "हिअर इट्स ऑलवेज उन्हाळा." तेवढ्यात नवरा आला आणि प्रकरण समजल्यावर बूट काढता काढता असा हसला की मला त्याचा रागच आला. त्यांच्याकडे जमिनीतून गरम पाणी उसळतं त्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. त्या नावाचं गावच आहे तिकडे. आई-बाबा दरवर्षी थंडीत तिथे अंघोळीला जायचे, लहानपणी यालाही न्यायचे. आईला उन्हाळ्यात नव्हे, उन्हाळ्यावर जायचं होतं. पुण्याच्या शाळेत मराठीत मला कायम पहिल्या नंबराचे मार्क, आणि इथे मी साफ नापास.

पण आता पेच आला. गावी नेलं की त्या परत यायच्या नाहीत, याची मला खात्री होती. एकदा का त्यांनी अंगणात केरसुणी धरली की संपलंच, खलास. शिवाय आम्हा दोघांना एकदम रजा मिळणार ती ईदलाच. बहरीनमध्येही म्हणे पूर्वी गोड्या पाण्याचे मोठे झरे होते, पण ते आटलेत आणि गरम तर नव्हतेच. मग ऑफिसातल्या एका बाईने मोबाइलवर फोटो दाखवले. बालीला डोंगरात ज्वालामुखीच्या विवरात एक तळं आहे, त्याच्या काठावर गरम पाण्याच्या झऱ्यांचं रिसॉर्ट. थंड हवा, कढत पाणी, समोर काळा डोंगर. मी म्हटलं, बास! गरम पाणी ते गरम पाणी. त्यांची इच्छा पण पुरी होईल आणि आपल्या हातूनही निसटणार नाहीत. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिथं उन्हाळं हाय?"

"आहे. ज्वालामुखीचं."

"मग चला."

रिसॉर्टच्या सूचना वाचताना पुढचा घोळ लक्षात आला. सुती कपडे घालून पाण्यात उतरता येणार नाही, पोहण्याचाच पोशाख लागेल. साडी, परकर काही चालणार नाही. गावच्या कुंडात बायका साडीनेच उतरतात. मी भीतभीत सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "ह्या वयात आता चड्डी घालू होय मी?"

पण बहरीनमध्ये राहतो आम्ही, त्याचा उपयोग कधी होणार! मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, बायकांसाठी पोहायचे झाकपाक कपडे मिळतात. पायघोळ विजार, गुडघ्यापर्यंत झगा, लांब बाह्या, वर घट्ट टोपी. दुकानदार मल्याळी होता. त्याने हिंदीत एकेक रंग काढून दाखवला आणि सासूबाईंनी काळा पसंत केला. घरी घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. लेक टाळ्या वाजवत म्हणाली, "आज्जी, यू लुक लाइक अ निंजा!" त्यांनी मला विचारलं, निंजा म्हणजे काय. मी म्हटलं, पंजाबी ड्रेसचा एक प्रकार. त्यांचं समाधान झालं.

बकरी ईदच्या सुट्टीत आम्ही गेलो. विमानतळापासून घाट चढत चढत वर, आणि मग गाडी विवराच्या काठावरून आत उतरायला लागली. खाली तळं, भोवती जुन्या लाव्हाचे काळे ढिगारे, त्यावर मध्येच भाजीचे मळे. सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. आमच्याकडच्या कातळासारखंच हाय, म्हणाल्या. मला काही तसं दिसलं नाही, पण कोकणी माणसाला कुठलाही काळा दगड ओळखीचा वाटतो.

रिसॉर्टच्या काउंटरवरच्या पोराच्या कपाळावर ओले तांदूळ चिकटवलेले होते, पूजेचे. सासूबाई त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या. त्याने त्यांच्या हातातला काळा पोशाख बघितला, अदबीने मान झुकवली आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम." सासूबाईंनी हात जोडले. "राम राम, बाबा." पोरगा इतका गोंधळला की आम्हाला द्यायचे टॉवेल त्याने दुसऱ्यांनाच देऊन टाकले.

हौद एकाखाली एक उतरत तळ्यापर्यंत गेलेले. नवरा लेकीला घेऊन घसरगुंडीच्या हौदाकडे गेला. तिथलं पाणी कोमट, पोरांसाठी. मी सासूबाईंना घेऊन कढत पाण्याच्या हौदाशी आले. तो हौद आणि घसरगुंडीचा हौद यांच्यामध्ये लाव्हाच्या दगडांची एक भिंत होती, डोक्यापेक्षा थोडी उंच, वरून कसलीशी वेल सोडलेली. पलीकडचं दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं.

त्या पायरीवर उभ्या राहिल्या. गंधकाचा वास नाकात जाताच त्यांचा चेहरा असा बदलला की काय सांगू. आधी वाकून पाणी डोळ्यांना लावलं, मग एकेक पायरी. गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या आणि एक लांब सुस्कारा सोडला. गुडघे दुखायचे त्यांचे, ते पाण्यात चोळत बसल्या. समोर तळं, तळ्यापलीकडे काळा डोंगर, त्याच्या टोकावर ढग. मी मनातल्या मनात फॅमिली व्हिसाची कागदपत्रं जुळवत होते. जमलं बाई एकदाचं, असं मला अगदी वाटून गेलं.

मग त्यांची नजर त्या भिंतीकडे गेली.

"इथं पण भिंत हाय गो," त्या हळूच म्हणाल्या.

"हो, त्या बाजूला पोरं दंगा करतात ना."

त्या पुन्हा गुडघे चोळायला लागल्या. बराच वेळ झाला, बोटं सुरकुतली. मी म्हटलं, आई, आता उठू या, चक्कर येईल. त्या उठल्या. पायरीवर पाय ठेवला, थांबल्या आणि सकाळी बाथरूममधून यायची अगदी तश्शीच हाक त्यांनी दिली, भिंतीकडे तोंड करून.

"ओऽ, निघू काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूला सगळे परदेशी लोक. आता पलीकडून लेक इंग्रजीत काहीतरी ओरडणार म्हणून मी ऐकत राहिले.

भिंतीपलीकडून पुरुषी आवाज आला. जाडा, कोकणी, खणखणीत.

"नीघ गो, नीघ! मी आलोच!"

सासूबाई तशाच खाली बसल्या, पुन्हा गळ्यापर्यंत पाण्यात. हात तोंडावर.

तो नवरा होता, दुसरं कोण असणार! पण त्याचा असा आवाज मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. तो मला कधी 'नीघ गो' म्हणेल काय? नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "मला कळलंच नाही. लहानपणी बाबा हेच ओरडायचे, तोंडातून गेलं."

मग पाण्यात बसूनच त्यांनी मला सांगितलं. गावच्या उन्हाळ्यावर दोन कुंडं, एक बाप्यांचं, एक बायांचं, मध्ये भिंत. लग्न झाल्यावर पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्या आधी आटपून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, आणि सासरे आत त्यांची वाट बघत तासभर उकडत बसले. तेव्हापासून रीत पडली. ज्याचं आधी होईल त्याने भिंतीवरून हाक द्यायची, आणि पलीकडून ओ आल्याशिवाय निघायचं नाही. नाव घ्यायचं नाही, नुसतं "निघू काय?" पुढे घरीही तेच. शेतावर जाताना, बाजाराला जाताना, दोघांपैकी कोणीही न विचारता उंबरा ओलांडला नाही.

"आणि दवाखान्यात मी खाली चहा आणायला गेले," त्या म्हणाल्या. "वर आले तर हे गेलेले. सगळा जन्म विचारून निघाले आणि तेव्हाच तेवढं नाय विचारलं. मी पण नाय विचारलं गो, चहाला जाताना. एवढंसं तर जायचं होतं."

तोंडावरून पाणी वाहत होतं, त्यातलं झऱ्याचं किती आणि डोळ्यांचं किती कोणास ठाऊक. मी पण रडले. रोज सकाळी डबे भरता भरता मी ज्याला खोड म्हणत होते, ते हे होतं. त्या रोज विचारत होत्या आणि त्यांना हवी ती ओ येत नव्हती.

"आज आली," त्या म्हणाल्या. चेहरा पुसला. "चल, भूक लागली."

रात्रीच्या जेवणाला त्या इतक्या बोलल्या, इतकं जेवल्या की नवरा बघतच राहिला. मला मात्र वाटलं, ह्या आता राहायच्या नाहीत.

तेच झालं. बहरीनला परतल्यावर, बॅगा उघडायच्या आतच त्या मुलाला म्हणाल्या, "माझं तिकीट काढ रे."

मी भडकलेच. "अहो आई, तुम्ही राहीन म्हणाला होतात! उन्हाळ्याला नेलं ना आम्ही?"

"राहीन कुठं म्हटलं? मग बघू म्हटलं होतं." त्या शांतपणे तो काळा पोशाख वाळत घालत होत्या. "आता बघितलं. घराकडे जायची भीती वाटायची गो. हे बोलावतील असं वाटायचं, नाय बोलावणार असंही वाटायचं. आता नाय वाटत."

म्हणजे त्यांना ठेवून घ्यायला म्हणून मी त्यांना एवढं समुद्रापार नेलं, आणि तिथेच त्यांना जायची परवानगी मिळाली. मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. नवऱ्याला म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं ओ द्यायला?  त्यालाही आई हवीच होती की.

तिकीट मिळेपर्यंतचा तो जून. नळाला उकळतं पाणी. मी गीझर बंद केला नाही की त्यांना गारव्याची युक्ती सांगितली नाही, त्या मजेत कढत पाण्याने न्हायच्या, आणि लेक न चुकता म्हणायची, "येस आज्जी, यू मे गो!"

विमानतळावर चिपळूणचा एक ड्रायव्हर भेटला, सुट्टीवर घरी निघालेला. मुंबईपर्यंत त्याच्या स्वाधीन केलं, पुढे चुलतदीर उतरवून घेणार होते. पासपोर्टच्या रांगेशी आमची हद्द संपते. तिथून पुढे तिकीटवालेच. त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला, मुलाच्या पाठीवरून, माझ्या डोक्यावरून. पिशवी उचलली. चार पावलं गेल्या आणि वळल्या.

"ओऽ, निघू काय?"

हे उत्तर द्यायचं काम लेकीचं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. "नो," ती म्हणाली. मग मराठीत, "नाही."

सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या. मागे लोक तुंबले, एकाने ट्रॉली त्यांच्या पायाला लावली, चिपळूणवाला म्हणाला, "चला मावशी, यल्ला." त्या हलायला तयार नाहीत. ओ आल्याशिवाय निघायचं नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

माझ्या मनात आलं, गप्प राहावं. कोणीच काही बोललं नाही तर ही बाई खरंच जाणार नाही. विमान सुटेल, आणि आम्ही चौघं गाडीत बसून घरी जाऊ. एक क्षणभर मी खरंच गप्प राहिले. त्या माझ्याकडेच बघत होत्या, जराही घाई न करता.

मग रोज सकाळी डबे भरता भरता ओरडायची, तेच मी ओरडले.

"निघा, आई! निघा!"

त्या हसल्या आणि गेल्या.